फरक नऊचा

बी. कॉम. झालेल्या माणसाचा संगीताला काडीचा उपयोग नसतो, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. या मताला पहिला धक्का दिला तो चिरंजीवांच्या गिटारने.

ही गिटार साधी नव्हे. हिच्या पोटात कॉम्प्युटर आहे. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक स्फटिक असतो. तार थरथरली की त्याच्यावर दाब पडतो आणि वीज तयार होते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० सालीच शोधून ठेवला होता. कॉम्प्युटर त्या विजेला म्हणाल ते सोंग देतो. बॅन्जो म्हणा, सतार म्हणा. शिवाय खुंटी न पिळता नुसतं बटण फिरवलं की तारा दुसऱ्या सुरात! सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला ८२ कंपनांवरून ७३ वर उतरतो, खरी तार मात्र ८२ वरच असते. म्हणजे कागदोपत्री एक आणि प्रत्यक्षात दुसरं. बँकेत एवढी वर्षं काढल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

सूर बदलणं आपल्यालाही नवीन नाही. मालकंस गायचा तर तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमावर आणतात. फक्त गवई त्याला पाऊण तास घेतो आणि पुढच्या रांगेतले काही लोक तेवढ्यातच दाद देऊन मोकळे होतात.

तर या गिटारचं दुखणं असं, की एरवी आवाज स्वच्छ. बटण फिरवलं रे फिरवलं की फाटायचा. कॉलेजचं गॅदरिंग आठवड्यावर आलेलं आणि गिटार माझ्या फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्सची. हप्ते अजून चालू! दुकानदार म्हणाला, "साहेब, या संगीतात आवाज फाटलेलाच लागतो." चिरंजीव उसळले, "बाबा, आम्ही फाडला तर फाटायला हवा! आपोआप फाटून कसं चालेल?"

मुद्दा बिनतोड होता. मी बाह्या सरसावल्या. हिशेब जुळत नसला की एकेक नोंद तपासायची, हा आमचा धर्म. बॅटरी पाहिली, भरलेली. वायर बदलली, फरक नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा जोर उतरवला; फाटणं कमी झालं, गेलं नाही. मग हेडफोन लावला, म्हणजे खऱ्या तारेचा खोलीतला आवाज मध्ये यायला नको. तरी कुरकुर आहेच!

"आता एकच तार वाजव," मी म्हटलं. जाड तार वाजली. ७३ चा सूर आला आणि त्याच्या मागे, चोरासारखा, ८२ चाही. फरक नऊचा! फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असेल, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे अदलाबदल नव्हती, पण खतावणी चुकली होती. जाड तारेची थरथर घोडीतून थोडी शेजारच्या स्फटिकात जात होती. शेजारचा सूर बदललेला नाही, म्हणून ती तिथून मूळ ८२ म्हणूनच बाहेर पडायची. साध्या सुरात दोन्ही खात्यांचा भाव सारखा, म्हणून गळती कळत नव्हती. भाव बदलला आणि बोभाटा झाला. तो बोभाटा अ‍ॅम्प्लिफायर मोठा करून गल्लीभर सांगत होता.

उपाय फारच जुना निघाला. त्या एका गाण्यापुरतं बटणाला हात लावायचा नाही. जाड तार खुंटी पिळूनच खरोखर ७३ वर आणायची. कागद आणि तिजोरी जुळली की कुरकुर संपते.

एरवी चिरंजीवांचं आणि माझं बोलणं 'फी भरली का?' आणि 'पैसे आहेत का?' याच्या पुढे जात नाही. त्या आठवड्यात मात्र चार रात्री आम्ही एकाच हेडफोनचा एकेक कान वाटून घेऊन बसलो होतो. ही दोनदा जेवायला हाक मारून गेली, ती कोणत्याच खात्यात जमा झाली नाही.

गॅदरिंगला चिरंजीवांनी स्टेजवर उभं राहून शांतपणे खुंटी पिळली. दोन मिनिटं लागली असतील. पुढच्या रांगेतून एकाने "वाहवा!" म्हटलं.

तो मीच होतो.