गाडीचे दिवे आणि लिंबू-मिरची

आमच्या चिरंजीवांनी घरात पहिली चारचाकी आणली, तेव्हा गाडी दारापुढे उभी करून आम्ही बौद्धाचार्यांकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि वस्तीत पेढे वाटले. शेजारच्या एका गृहस्थांनी गाडीला चहूबाजूंनी न्याहाळून विचारले, "लिंबू-मिरची नाही बांधली?" आम्ही हसून म्हटले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू फक्त भाजीवर पिळतात." या उत्तराचा आम्हाला बरेच दिवस अभिमान होता. गेल्या १ जानेवारीला तो शिरूरच्या अलीकडे, घोड नदीजवळ उतरला.

आम्ही एस.टी.त २८ वर्षे चालक होतो. दिव्यांचा खटका हाताने ओढायचा, डिपर पायाने दाबायचा, ही आमची सवय. नव्या गाडीत मात्र स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या टोकाला एक फिरती मूठ आहे आणि तिच्यावर 'ऑटो' असे लिहिलेले आहे. दुकानातल्या मुलाने सांगितले, "काका, एकदा इथं फिरवून ठेवा. पुढं दिव्यांचं बघायलाच नको." आणि खरेच, दिवेलागणीला दिवे आपोआप लागत, उजाडले की विझत, बोगद्यात शिरताच पुन्हा लागत. आल्यागेल्याला हे कौतुकाने दाखविणारे आम्हीच होतो.

कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आम्ही संभाजीनगरहून पहाटे साडेतीनला निघालो. गाडी चिरंजीव चालवीत होते, शेजारी आम्ही, मागे सूनबाई आणि नात. नगर ओलांडले, पूर्वेकडे उजाडू लागले आणि नदीच्या बाजूला एकाएकी दाट धुके आले. सगळीकडे दुधासारखे पांढरे. चिरंजीवांनी वेग कमी केला. तेवढ्यात मागून ब्रेकचा कर्कश आवाज झाला आणि एक टेम्पो आमच्या डाव्या अंगाने, मातीत चाके घालून, जेमतेम निसटून पुढे जाऊन थांबला. चालक उतरून आला. आम्हाला वाटले शिव्या देईल. पण आमच्या गाडीवरचा निळा झेंडा पाहून तो एवढेच म्हणाला, "जयभीम काका. पांढरी गाडी, पांढरं धुकं, अन् मागचे लाल दिवे बंद. दिसायचं कसं?"

आम्ही मागे जाऊन पाहिले. दिवे बंदच होते. पहाटेच्या अंधारात लागलेले दिवे उजाडताच यंत्राने विझविले होते, आणि २८ वर्षे रस्ता पाहिलेल्या माणसाला शेजारी बसून ते कळले नव्हते. पुढच्या बाजूला दिवसा जळणाऱ्या बारीक दिव्यांची रेघ चमकत होती, समोरचे काटे-आकडेही उजळलेले होते. त्यामुळे सर्व काही ठीक आहे असे वाटत राहिले. ही रेघ पेटलेली असली तरी आमच्या गाडीत मागे काहीच लागत नाही, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

घरी आल्यावर नातीला (ती नववीत आहे) आम्ही या यंत्राच्या मागे लावले. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, एक काळा ठिपका चिकटविलेला असतो. काही गाड्यांत तो काचेखालच्या फळीवर बसविलेला असतो. नातीने चावी फिरवून मूठ 'ऑटो'वर ठेवली आणि काचेवर बाहेरून त्या ठिपक्यापुढे जाड काळे कापड धरले. दिवे लागले. कापड काढले, तर लगेच विझले नाहीत. काही सेकंद थांबून विझले. दहा वेळा तरी तिने हा खेळ केला. शेवटी सूनबाई बॅटरी उतरेल म्हणून ओरडल्या.

त्या ठिपक्यात फोटोडायोड नावाचा छोटा घटक असतो. त्याच्यावर उजेड पडला की त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. उजेड जास्त तर प्रवाह जास्त, उजेड कमी तर प्रवाह कमी. गाडीतली इलेक्ट्रॉनिक पेटी हा प्रवाह सतत मोजत असते. तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ती दिव्यांना वीज सोडते. लावण्याची मर्यादा एक आणि विझविण्याची त्याहून वरची, अशी योजना असते. नाहीतर झाडांच्या सावल्यांतून जाताना दिवे लुकलुकत राहिले असते. विझविताना मुद्दाम थोडा वेळ थांबायचे, हेही त्यासाठीच. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९५२ साली समोरून गाडी आली की झोत आपोआप खाली करणारा डोळा मोटारीत बसविला गेला, आणि १९६०च्या दशकात कॅडिलॅक गाड्यांत संध्याकाळी दिवे लावणारी यंत्रणाही आली.

आता धुक्याचे कोडे सुटते. उजेड लक्स या मापात मोजतात. भर दुपारी उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे उजेड १,००० लक्सखाली गेला की असे दिवे लागलेच पाहिजेत आणि ७,०००च्या वर गेला की विझले पाहिजेत. मधले कारखान्याने ठरवायचे. सूर्य उगवल्यावर धुक्यातले पाण्याचे थेंब उजेड अडवून ठेवत नाहीत, तो सर्व दिशांना पसरवितात. म्हणून दाट धुक्यातही हजारो लक्स उजेड असू शकतो. ठिपका तो मोजतो आणि म्हणतो, दिवस आहे. त्याचे काही चुकत नाही. वीस पावलांवरची गाडी दिसते की नाही, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. पावसाळी दुपारचेही तसेच. काही गाड्यांत वायपर चालू होताच दिवे लागण्याची सोय असते, पण सगळ्यांत नाही.

दुचाकीवाल्या तरुणांचा इथे एक गोंधळ होतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच पुढचा दिवा लागणे सक्तीचे झाले. त्यात उजेड मोजणारा डोळा वगैरे काही नाही. इंजिन चालू तर दिवा चालू. अजूनही रस्त्यावर लोक मूठ उघड-मीट करून "लाईट चालू राहिली" म्हणून खुणावतात, आणि पोरे वैतागतात. आम्हाला विचाराल तर ती साधी व्यवस्था अधिक भरवशाची.

आम्हाला राहून राहून ते शेजारी आठवतात. त्यांच्या दोऱ्यातल्या लिंबाला आम्ही हसलो होतो. पण तो ठिपका काय मोजतो हे न विचारता, दुकानातल्या मुलाने सांगितले म्हणून आम्ही चार जीव त्याच्या हवाली केले, हे लिंबापेक्षा फार वेगळे नव्हते. भगवंतांनी कालामांना नेमके हेच सांगितले होते, की कोणी सांगितले एवढ्यावरून मानू नका. वर्षावासात हे सुत्त आम्ही विहारात स्वतः वाचून दाखविले आहे!

आता धुके, पाऊस किंवा धूळ दिसली की चिरंजीव मूठ हाताने फिरवून डिपरवर दिवे लावतात. वरचा झोत लावीत नाहीत, कारण धुक्याचे थेंब तो परत डोळ्यांवरच फेकतात. समोरच्या फळीवर दिव्याची हिरवी खूण उमटली की नाही, तेही पाहतात. आणि लांबच्या प्रवासाला निघताना नात गाडीमागे उभी राहते. आतून मूठ फिरते, ब्रेक दाबला जातो, आणि मागून तिचा आवाज येतो, "आजोबा, उजवा लागला... डावा पण लागला!" मगच गाडी हलते.