साखरप्यातले दोन तास

माहेर खाली कोकणात आणि सासर वर घाटावर, अशा बायकांना रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता काही नवा नाही. सुमारे १३० किलोमीटरची ही वाट. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर, बांबवडे, ही नावं पाढ्यासारखी तोंडपाठ असतात. यातला साखरपा मात्र बहुतेकांनी खिडकीतूनच पाहिलेला. एस.टी. थांबली की चहा घ्यायचा, मुलांना 'घाटात उलटी होईल हं' म्हणून आवळासुपारी द्यायची, की निघालो. मीही आजवर तेच करत आले. गेल्या फेब्रुवारीत तिथं दोन तास काढायची वेळ आली, तेव्हा गावही पाहिलं आणि स्वतःची गाडीही पहिल्यांदाच आतून पाहिली.

साखरपा अगदी घाटाच्या पायथ्याशी आहे. शेजारून काजळी नदी वाहते. फेब्रुवारीत तिचं पात्र आटत आलेलं असतं, पण डोहांत पाणी असतं आणि काठावर बायका धुणं आपटत असतात. इथूनच देवरुखकडे रस्ता फुटतो. मार्लेश्वराला जाणारी मंडळी त्या वाटेनं जातात. मकर संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न लागतं, आणि नवरी असते साखरप्याची गिरिजादेवी! तिची पालखी इथून निघते. म्हणजे हे गाव वधूपक्षाचं. चहाच्या टपरीवरच्या आजींनी हे मला इतक्या अभिमानानं सांगितलं, की जणू त्यांच्या घरातलंच कार्य नुकतंच उरकलं होतं.

आता आम्ही तिथं का अडकलो ते सांगते. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ठरलं होतं. तिला आणायला मी आदल्या दिवशी रत्नागिरीला गेले होते. हे ऑफिसच्या कामानं बाहेरगावी, म्हणून गाडी मीच चालवत होते. सोबत आई आणि धाकटी लेक. पालीच्या नाक्यावर आमच्यापुढं एक टेंपो उभा होता. तो अचानक मागं आला नि त्याचं फाळकं आमच्या गाडीच्या नाकावर टेकलं. वेग असा नव्हताच. बंपरला चीर गेली, नंबरप्लेट वाकली, दिवे शाबूत. टेंपोवाल्यानं हात जोडले. मी फोटो काढून घेतले, त्याचा नंबर लिहून घेतला. बॉनेट उघडून खाली कुठं पाणी किंवा तेल ठिबकतंय का, पेट्रोलचा वास येतोय का, तेही पाहिलं. काहीच नव्हतं. निघालो.

नाणीजच्या पुढं रस्त्याच्या कामामुळं वाहनांची रांग लागली होती. दहा मिनिटं जागेवरच. आधी ए.सी.ची हवा कोमट झाली. 'अगं, गरम काय येतंय?' असं आई म्हणतेय तोवर तापमानाचा काटा चढू लागला. मी ए.सी. बंद केला आणि कडेला घेऊन इंजिनही बंद केलं. पुढून नुसती वाफ. तिथंच जवळ एक गॅरेज होतं. त्यातला माणूस आला, दुरूनच मान हलवली आणि म्हणाला, 'हेड गॅस्केट गेलं. इंजिन उघडावं लागणार. १८ ते २० हजार धरा, आणि तीन दिवस.' गाडी ओढून न्यायची तयारीही त्यानं दाखवली. आईचा चेहरा उतरला. डॉक्टरांची ही वेळ पंधरा दिवसांनी मिळाली होती.

मी त्याला थांबा म्हटलं. पाऊण तास सावलीत बसलो, दशमी खाल्ली. रांग सुटली, इंजिन गार झालं. जास्तीच्या पाण्याची ती पांढरी बाटली असते ना, तिच्यातली पातळी खुणेच्या आत होती. हळूच निघालो, आणि मोकळ्या रस्त्यावर काटा आपला शहाण्या मुलासारखा मध्यावर! दाभोळ्याची वळणं गेली, साखरपा आला, तरी तो हलला नाही. पण पुढं घाट. आंबा घाटात दोन ट्रकांच्या मागं अडकलं की चढावर पाऊलपाऊल जावं लागतं. तिथं गाडी पेटल्यासारखी तापली तर आईला घेऊन कुठं उतरायचं? शिवाय संध्याकाळी तिकडं गवे रस्त्यावर येतात. म्हणून साखरप्यातच चौकशी केली. लोकांनी एका आंब्याच्या झाडाखालचं पत्र्याचं गॅरेज दाखवलं.

मेस्त्री साठीचे असतील. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, 'ताई, धक्का कुठं बसला?' मग म्हणाले, 'चालताना तापते, का उभी ऱ्हायल्यावर?' मी म्हटलं, उभी राहिल्यावर. 'काटा आधी चढला का ए.सी. आधी गरम झाला?' ए.सी. आधी. 'आणि पंख्याचा आवाज? गाडी उभी असली की पुढून घोंघावतो तो?'

तो आवाज मला रोजच्या ओळखीचा. शाळेच्या फाटकाशी थांबले की येतो. रांगेत तो आला नव्हता, हे त्यांनी विचारलं तेव्हाच लक्षात आलं. मेस्त्री हसले. 'मग इंजिनला कशाला शिव्या देता? ते बिचारं धडधाकट आहे.'

आमच्या घरी फॅमिली डॉक्टर यायचे ते असेच. जीभ बघायच्या आधी दहा प्रश्न. मग मेस्त्रींनी मला समजावलं, आणि इतकं नीट, की बी.ए.च्या वर्गात मला तर्कशास्त्र इतकं कधी कळलं नव्हतं. इंजिनमध्ये फिरून तापलेलं पाणी गाडीच्या नाकाशी असलेल्या रेडिएटरमध्ये येतं. गाडी पळत असली की समोरचा वारा त्याला गार करतो. उभी राहिली की वारा नाही, मग विजेचा पंखा फिरतो. रेडिएटरच्याही पुढं ए.सी.ची जाळी असते. आमच्या गाडीत दोघींना मिळून तो एकच पंखा. पंखा बंद म्हणजे आधी ए.सी. गरम, मागून पाणी गरम, आणि वेग घेतला की दोन्ही ठीक. हेड गॅस्केट गेलं असतं तर वेगात असतानाही काटा खाली राहिला नसता.

तरी त्यांनी शंका ठेवली नाही. तेलाची पट्टी काढून दाखवली. तेलात पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ, ताकासारखं दिसलं असतं. आमचं काळसर-तपकिरी होतं. पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडलं. (तापलेलं असताना ते कधीही उघडू नका हं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि घाईघाईनं गार पाणीही ओतू नका, तापलेलं धातूचं अंग तडकू शकतं.) इंजिन चालू करून पाण्यात सारखे बुडबुडे येतात का पाहिलं. नव्हते. मागं धुरांड्यातून पांढरा धूर नव्हता. तिन्ही सिलिंडर एका लयीत चालत होते. 'मिसिंग नाय,' ते म्हणाले. धक्क्यानं एखादं कनेक्शन ढिलं झालं असतं तर इंजिन अडखळत, हिसके देत चाललं असतं.

मग बॅटरीची एक वायर काढून त्यांनी हात आत घातला, कारण पंखा केव्हाही आपणहून फिरू लागतो आणि बोटं जातात. पातं फिरवून बघितलं तर फिरेना! टेंपोच्या फाळक्यानं पुढची पट्टी बोटभर आत गेली होती. तिनं पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं दाबलं होतं आणि पातं त्यात अडकलं होतं. अडलेला पंखा फिरायचा प्रयत्न करत राहिला, वीज जास्त ओढली, आणि त्याचा फ्यूज उडाला. बाहेरून पाहाल तर बंपरला एक चीर, बस्स.

पट्टी लाकडी ठोकळा लावून त्यांनी सरळ केली. कडं मोकळं झालं, पातं बोटानं गरकन फिरलं. फ्यूज बदलला तोही तेवढ्याच अँपिअरचा. त्यांच्या पोरानं जास्तीचा काढला होता, त्याला ते ओरडले, 'वायर जाळतोस काय रे?' घरातल्या फ्यूजला जाड तार बांधणारे महाभाग असतात ना, तोच प्रकार. मग बॅटरी जोडून ए.सी. लावला, आणि तो ओळखीचा घोंघाट ऐकू आला. आईनं टपरीवरूनच विचारलं, 'झालं का गं?' पंधरा मिनिटं गाडी उभ्यानं चालू ठेवली, काटा मध्यावर. तीनशे रुपये झाले. मी जास्त देऊ लागले तर त्यांनी लेकीच्या हातात दोन चिक्क्या ठेवल्या आणि मला घाटाचं शिकवलं. चढावर ए.सी. बंद ठेवायचा. काटा चढू लागलाच तर काचा उघडून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. उकडतं खरं, पण गाडी वाचते.

साडेचारला घाट चढायला लागलो. २०२१च्या जुलैतल्या अतिवृष्टीत इथला रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. कोरड्या दिवसांतही इथं मन जरा धास्तावतंच. उघड्या डोंगरावर गवत वाळून सोनेरी झालेलं, पण घळींमध्ये झाडी हिरवीगार दाट. गायमुखाच्या अलीकडे एका कंटेनरच्या मागं आम्ही वीस मिनिटं रखडलो. मी रस्त्याकडं बघत होते आणि कान पंख्याकडं. लेक मागून काट्यावर नजर ठेवून होती, दर वळणाला 'मध्यावर!' म्हणून ओरडायची. आंब्याला पोचलो तेव्हा गार वारा होता. विशाळगड-पावनखिंडीकडं जाणारा फाटा दिसला आणि आईनं शाल मागितली.

आठ वाजता घरी. सकाळी नऊला आई ऑपरेशनच्या टेबलावर. दोन दिवसांनी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली. ए.सी.च्या जाळीचा एक आधार तडकला होता, तो बदलला आणि पंख्याचं कडं नवं टाकलं. विम्याचा दावा केला नाही, कारण खर्च थोडा आणि दावा केला की पुढच्या हप्त्यातली सूट जाते. आईचा डोळा उत्तम आहे. उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय, आणि जाताना साखरप्यात मेस्त्रींना आंबोळ्यांचं पीठ द्यायचं तिनं कबूल केलंय.