नाथसागरातील बेटे आणि ज्वारीची पिशवी

गुलमंडीच्या नळाला येणारे पाणी नाथसागराचे आहे. ते किती दिवसांनी येते याची चर्चा पेढीवर नित्य होते, ते कोठून येते याची क्वचितच. गुलमंडीवरून टिळक पथाने निघून पैठण गेट ओलांडावे आणि त्या दरवाज्याने ज्या गावाचे नाव धारण केले आहे त्या दिशेने सुमारे पन्नास किलोमीटर जावे, म्हणजे गोदावरीवरील जायकवाडी धरण लागते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे असलेल्या या धरणाच्या जलाशयात शंभराहून अधिक गावांची शिवारे गेली. त्या शिवारांतील जे माळ आणि जी टेकाडे पाण्याच्या वर राहिली, ती आज बेटे म्हणून ओळखली जातात. लहानमोठी मिळून तीसेक. पाणी चढले की त्यांतली काही नाहीशी होतात, उतरले की नवी डोके वर काढतात. १९८६ मध्ये शासनाने या परिसराला जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचे क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर आहे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळले जातात. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. डॉ. अलींचे नाव शहरातील दिल्ली दरवाज्याजवळच्या सरोवराला दिलेले असल्याने ते येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. २०२५ मध्ये एक योग जुळून आला होता. कार्तिक पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आली. म्हणजे कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांच्या यात्रेसाठी यात्रेकरूंची पावले वळली, त्याच दिवशी पक्षी सप्ताहाचाही प्रारंभ झाला. चितमपल्ली त्याच वर्षीच्या जून महिन्यात निवर्तले होते.

अशाच एका सप्ताहात गुलमंडीवरचे एक वयोवृद्ध कापड व्यापारी आपल्या नातीच्या शाळेच्या सहलीबरोबर नाथसागरावर गेले. पैठणी विकण्यात त्यांची हयात गेलेली. पदरावरचा बांगडी-मोर, मुनिया, हंस ही सारी पाखरे त्यांना विणीसकट पाठ. पाण्यावरचे खरे हंसकुळ मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. दुकान उघडण्यापूर्वी पाखरांना मूठभर दाणे टाकण्याचा त्यांच्या घराण्याचा नेम आहे. त्या नेमास अनुसरून त्यांनी ज्वारीची एक पिशवी बरोबर घेतली होती आणि नाव ठरवून जवळच्या बेटावर ती रिकामी करावी, असा त्यांचा मानस होता.

काठावरच्या वनरक्षकाने हात जोडून त्यांना थांबवले. “शेठजी, बेटावर कुणाला सोडत नाही. आणि तिथले पक्षी ज्वारी खात नाहीत.”

“मग खातात काय?”

“बरेचसे मासे खातात, काही शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव.”

शेठजी काही बोलले नाहीत. नात मात्र दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाली, “दादाजी, मासे खातात म्हणून त्यांना वाचवायचं नाही का?”

हा प्रश्न बालसुलभ म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नाही. गुलमंडीवरच्या बहुतेक जैन घरांत जीवदयेची ओळख दाण्याच्या मुठीतून होते आणि दाणे टिपणारे कबूतर ही त्या दयेची नेहमीची मूर्ती असते. जे पाखरू दुसऱ्या जीवावर जगते, त्याला मदत केल्यास पाप लागेल काय, अशी शंका अनेकांच्या मनात असते; उघड कोणी बोलत नाही एवढेच. शांतिनाथांच्या पूर्वभवातील मेघरथ राजाची कथा येथे आठवावी. शरण आलेल्या कबुतराला अभय देताना त्याने ससाण्याला दोष देऊन हाकलले नाही. ससाण्याची भूकही खरी मानली आणि तिची भरपाई स्वतःच्या देहाने करू पाहिली. नाथसागरावर कोणाच्या देहाची मागणी नाही. सुरयाने मासा टिपला, तर त्याचा जमाखर्च निसर्गाच्या वहीत पूर्वीच मांडलेला आहे. माणसाने त्या वहीत खाडाखोड करू नये, इतकीच अपेक्षा आहे.

ही खाडाखोड कशी होते, हे बेटावर उन्हाळ्यात कळते. हिवाळ्यात पट्टकदंब येतात. हिमालयावरून उडत येणारी ही हंसकुळातील पाखरे आहेत. चक्रवाक, थापट्या येतात, पाणी उथळ झाले की रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. हे पाहुणे उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. नदी सुरय मात्र येथलाच. काळी टोपी आणि पिवळी चोच असलेला हा पक्षी मार्च ते मे या दिवसांत उघड्या वाळूवर, खडेरी जमिनीवर नुसता खळगा करून अंडी घालतो. अंड्यांचा रंग मातीसारखाच असल्याने पाय त्यांवर पडेपर्यंत ती दिसत नाहीत. माणूस जवळ आला की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहतात आणि तेवढ्या वेळात वैशाखाचे ऊन त्या उघड्या अंड्यांना पुरते शिजवते. मोबाइलवर छायाचित्र घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. जगभरात या पक्ष्याची संख्या घटत असून २०२० पासून त्याची गणना संकटाच्या छायेतील प्रजातींत होते.

दुसरे संकट पाणी ओसरल्यावर येते. बेट आणि काठ यांच्यामधला पाण्याचा पट्टा आटला की बेट हे बेट राहत नाही. कुत्री चालत जातात, गुरे जातात, उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. २०१६ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेले होते आणि शहर त्याच साठ्यातून तहान भागवत होते. गुलमंडीवरचा उघडा राहिलेला नळ आणि बेटाभोवतीचा तो पट्टा यांचा संबंध फार दूरचा नाही. शहराला जे पाणी मिळते, ते मोजून वापरणे हा पक्षी सप्ताहाचा कार्यक्रम का मानला जात नाही, हे एक कोडेच आहे. कदाचित त्यात हार-तुऱ्यांना वाव नसल्यामुळे असेल.

बेट राखण्याच्या कामात व्यापाराचा संबंध कसा येतो, याचे एक उदाहरण कोकणात आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी करतात. पूर्वेकडील देशांत या घरट्यांचे सूप होते आणि त्याला मोठा भाव मिळतो, म्हणून ती खरवडून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला. याच संस्थेने वेळास गावी कासव महोत्सव रुजवला. तेथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, त्याचे पैसे देतात आणि पहाटे दोरीमागे उभे राहून समुद्राकडे निघालेली पिल्ले पाहतात. त्या दोरीला महोत्सवात मंडपापेक्षा अधिक मान आहे. ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळील स्कोमर बेटावर दिवसाकाठी ठरावीक लोकांनाच उतरू देतात आणि त्यांनी पायवाट सोडायची नसते, कारण जमिनीखाली पक्ष्यांची बिळे असतात व वजनाने ती खचतात.

समाजातील मंडळे निसर्गाच्या कामाला पैसा देत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. उन्हाळ्यात मातीची जलपात्रे वाटली जातात, झाडे लावली जातात. प्रश्न रकमेचा नसून ती कोणत्या खात्यावर पडते याचा आहे. फलक, शाली, स्मृतिचिन्हे आणि अल्पोपाहार यांचा खर्च वजा जाता बेटाच्या नावे काय उरते, हे एकदा मांडून पाहावे. दुर्बिणी हा भांडवली खर्च आहे. दहा मुलांच्या हाती त्या वर्षानुवर्षे फिरतात. मासेमारांनी टाकून दिलेली जीर्ण जाळी पाण्यात तशीच राहतात आणि पाखरे त्यांत अडकतात. ती जाळी गोळा करून आणणाऱ्या नावाड्याला दिवसाची मजुरी देणे, हे दान कोणत्याही पावतीपुस्तकात शोभून दिसेल. मासेमार कुटुंबांना शत्रू समजून चालणार नाही. जलाशयावर वर्षभर असतात ते तेच.

शेठजींनी ती ज्वारी परत आणली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दुकानापुढे टाकली. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी सहलीच्या दोन बसगाड्यांऐवजी एकच बस आणि चार दुर्बिणी घ्याव्यात, अशी सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली नाही. सगळ्यांना नेता येणार नसेल तर वर्गणी कोण देईल, असा आक्षेप आला आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. तडजोड म्हणून दुसरी बस जानेवारीवर ढकलण्यात आली.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालत आलेला हा उपक्रम आहे. स्वयंसेवक ठरलेल्या जागी उभे राहून दिसेल तो पक्षी नोंदवतात. त्यात भाषण नसते. थंडी, वही आणि पेन्सिल एवढेच असते. याच दिवसांत संक्रांत येते. जुन्या शहराच्या गच्च्यांवरून पतंग उडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घालूनही नायलॉनचा मांजा चोरून विकला जातो आणि तुटलेले त्याचे धागे विजेच्या तारांवर, झाडांवर महिनोन्‌महिने लोंबत राहतात. मंडळाच्या त्या दुसऱ्या बसमध्ये जागा मिळण्यासाठी अट घालण्यात आली आहे: प्रत्येक मुलाने आपल्या गच्चीवरून आणि गल्लीतून गोळा केलेला मांजा पिशवीत भरून आणायचा. पिशव्या शेठजींच्या दुकानी जमा होतात. त्या मोजण्याचे काम नातीकडे आहे.