मागितलेलं अळू

आमच्याकडे अळू विकत आणणं कमीपणाचं समजत. कांदे-बटाटे विकत आणायचे, अळू मागायचं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागीलदारी, न्हाणीचं पाणी जिथे जिरायचं तिथे अळवाचं बन होतं. ते कोणी लावलं हे घरात कोणालाच आठवत नसे. गड्ड्याला बाजूने पिल्लं फुटत राहतात, ओल असली की त्याला दुसरं काही लागत नाही. आमचं अळू भाजीचं, हिरव्या देठाचं. काळपट जांभळ्या देठाचं, वडीचं अळू होतं ते गडग्यापलीकडच्या घरी.

आणि त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. गडग्याचे चिरे कोणी कोणाच्या हद्दीत सरकवले, असा काहीतरी वाद होता. तो माझ्या जन्माआधीचा. पण वडीची पानं तर हवीत! मग आजी मला पुढे करायची. "त्यांना म्हणावं, भाजीचं अळू माजलंय, हवं तर न्या." गडग्यापलीकडून काकी मलाच सांगायच्या, "तुझ्या आजीला सांग गो, पानं जून व्हायला लागली. वड्या करायच्या असतील तर आजच." दोघी एकमेकींना स्वच्छ ऐकू येतील इतक्या जवळ उभ्या असत. मी मध्ये मान इकडून तिकडे फिरवत राहायची. निरोप पोचवायची गरजच पडत नसे, पण मी नसले तर दोघी तोंड उघडत नसत.

ऋषिपंचमीला तर इलाजच नसायचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरटीचं काही चालत नाही, परसातलं, हाताने खणून लावलेलं तेवढं चालतं. अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, अंबाडी, मक्याची कणसं, एवढं सगळं एका परसात कुठून असणार? गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वाडीतल्या पोरांच्या हातात टोपल्या असायच्या, कोणाचा सुरण घेऊन कोणाला पडवळ दे अशी दिवसभर ये-जा. त्या व्रतामागचं कारण मला कधीच पटलं नाही. विटाळाच्या प्रायश्चित्ताचं आहे ते, आणि ते पटावं असं त्यात काही नाही. भाजी मात्र पटली. सगळ्या वाडीला एकमेकांच्या दारात जायला लावणारी दुसरी भाजी मला माहीत नाही.

अळवाच्या बाबतीत नुसतं पान देऊन भागत नाही, हे आजीकडून कळलं. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खाज येते, हे कॉलेजात शिकले. आजीला स्फटिक ठाऊक नव्हते. पण पानं देताना ती हमखास सांगायची, "हे जरा खाजरं आहे हां, चिंच सढळ घाल. आणि चिरताना हाताला तेल." काकीही सांगायच्या, मला उद्देशून. देणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने ऐकायचं, एवढं त्या जुडीबरोबर यायचंच. बाजारात जुडी मिळते, पण तिच्याबरोबर हे बोलणं येत नाही.

लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आले, तिथे सासूबाईंनी गॅलरीत डालड्याच्या डब्यात अळू लावलं होतं. त्याला पाणी घातलं की खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. यावरून भांडण व्हायला चाळीत काही वेळ लागत नाही. सासूबाईंनी मार्ग काढला होता. कठड्यावरून वाकून रोज हाळी, "पाणी घालत्ये हो!" खालून "थांबा, थांबा" म्हणत दोरीवरचे कपडे आत जात, मग पाणी. कधी त्याच हाळीला जोडून मुलाची परीक्षा कशी झाली, गॅस आला का, हेही होऊन जाई. श्रावणात खाली चार पानं जायची, वर वाटीभर काहीतरी यायचं. पिढीजात शेजार बहुधा अशाच रोजच्या हाळीवर टिकतो, मोठ्या प्रसंगांवर नाही, असं मला वाटतं.

ऑफिसला जाताना लोकलच्या खिडकीतून रुळांकडेचे पालक आणि लाल माठाचे वाफे दिसत. नाल्याच्या पाण्यावरचे म्हणून आम्ही नाक मुरडायचो, तरी नजर तिकडे जायचीच.

शहरातही भाजी पिकते हे मी गंभीरपणे घेतलं ते बरंच नंतर, श्री. अ. दाभोळकरांचं लेखन वाचून. कोल्हापूरचे हे गृहस्थ मूळचे गणिताचे. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आणि पालापाचोळ्यापासून करायची अमृतमाती बागवाल्यांना माहीत असते. मला जास्त मोलाचा वाटतो त्यांचा प्रयोग परिवार. कोणी काय करून पाहिलं, काय साधलं, काय फसलं, ते दुसऱ्याला सांगायचं, एवढ्याच पायावर त्यांनी शेतकरी जोडले. पुढे मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या काढल्या, आणि प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. या सगळ्यांनी खताइतकंच बोलण्यावर काम केलं असणार. गच्ची सगळ्यांची असते, आणि 'गळती होईल' हे वाक्य प्रत्येक इमारतीत एकाला तरी पाठ असतं.

पुढे आम्ही पुण्याला आलो, तिथल्या आमच्या सोसायटीतही हे वाक्य पाठ असलेले एक गृहस्थ आहेत. म्हणून आम्ही गच्चीचा नाद सोडला. 2016 च्या घनकचरा नियमांमुळे पार्किंगमागे ओल्या कचऱ्याचे खड्डे झाले होतेच, त्यांच्या शेजारची पट्टी मागून घेतली. पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो तिथेच वाहून जायचा. गावाहून येताना मी पिशवीत गड्डे आणले आणि त्या ओलीत खुपसले. दुसऱ्या पावसाळ्यात बन झालं, दोन्ही देठांचं.

मग व्हायचं ते झालं. नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने रविवारी पानं खुडून नेली, इंटरनेटवर पाहून भाजी केली, आंबट काही घातलं नाही. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर घसा धरल्याचे मेसेज, ही झाडं विषारी आहेत का, जबाबदार कोण, वगैरे. सकाळी कमिटीने लॅमिनेट केलेला फलक लावला: 'परवानगीशिवाय पाने तोडू नयेत.' परवानगी कोणाची, ते लिहिलं नव्हतं. त्यानंतर कोणी पान तोडलं नाही, आणि कोणी वाफ्यात तणही उपटलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, बागेत 'नये'ने संपणारा फलक लागला की माणसं आपोआप पाहुणी होतात.

तळमजल्यावरच्या काकूंनी तो फलक काढला. कमिटीला विचारलं नाही. रविवारी सकाळी खुर्ची टाकून तिथे बसायला लागल्या, मांडीवर निवडायची भाजी. जो येईल त्याला, "नेतोस का? हे वडीचं, ते भाजीचं. चिंच आहे ना घरात? नसली तर माझ्याकडून ने." घसा धरलेली ती मुलगी तिसऱ्या रविवारी आली आणि काकूंच्या घरूनच चिंचेचा कोळ घेऊन गेली. हेच ग्रुपवर लिहिलं असतं आणि तिने ते दहा वेळा वाचलं असतं, तरी ती आली नसती. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, तो वाचणारा आपल्या रागाप्रमाणे घालून घेतो.

त्या खुर्चीभोवती काय काय बाहेर आलं! आमच्या वड्यांना बेसन, चिंचगूळ, वरून तीळ-खोबरं. चौथ्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, हे तर आमचं पातरा. वॉचमनची बायको पूर्वांचलची, ती उडदाची डाळ वाटून लावते, त्याला त्यांच्याकडे रिकवच म्हणतात. गोव्याच्या वहिनींच्या पत्रोड्यात तांदूळ. उडीद की बेसन यावर वाद झाला आणि दोन्ही करून पाहायचं ठरलं. वॉचमनच्या बायकोला इतकी वर्षं आम्ही 'वॉचमनची बायको'च म्हणत होतो, त्या दिवसापासून सगळ्या तिला नावाने हाक मारतात. रिकवच मात्र तिच्या हातचंच चांगलं होतं, हे बेन सोडून सगळ्यांना मान्य आहे.

सध्या वाटणीचा तंटा चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाला पानांत फारसा रस नाही. त्यांना गड्ड्यांपासून जमिनीलगत पसरणारे लांब कोंब हवे असतात, त्यांची ते कोळंबी घालून भाजी करतात. त्यामुळे पानं आमची, कोंब त्यांचे, हिवाळ्यात निघतील ते गड्डे ज्याला उपासाला लागतील त्याचे, इथपर्यंत एकमत आहे. देठांवर गाडी अडली आहे. काकूंना दह्यातल्या देठीसाठी ते सगळे हवेत, आणि बंगाली आजोबा म्हणतात की माशाच्या डोक्याबरोबर देठ शिजवले नाहीत तर पावसाळा फुकट गेला. गेल्या रविवारी दोघांनी आपापल्या घरून वाटी आणली, एकमेकांना चाखवली, आणि दोघांनीही सांगितलं की छान आहे, पण देठ सोडणार नाही.