बोलेरोतलं बिऱ्हाड

बायकापोरांसह मुक्कामी फिरायला गाडी तयार करायची म्हटलं, की बहुतेक जण आधी रुंद टायर मागतात. मग छतावर कॅरिअर, त्यावर तंबू, पुढे विंच. मी त्यांना आधी गाडीची कागदपत्रं आणि मॅन्युअल आणायला सांगतो. कंपनीनं ठरवून दिलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, यांतला फरक एवढंच आपलं भांडवल. त्यातून पहिली वजा होतात ती माणसं. दोन मोठी, दोन मुलं धरली तर दोनशे किलो तिथेच गेले. पाणी लिटरला एक किलो. छतावरचा तंबू पन्नास-साठ किलो. पोलादी सांगाड्याचा तर हिशेबच कुणी करत नाही.

तेलगावहून धारूरकडे निघालं की बालाघाटातला अरुंद, वळणावळणाचा घाट लागतो. छतावर ओझं बांधलेली उंच गाडी तिथल्या वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते आणि उतारावर ब्रेक तापतात. तंबू विकणारा सांगतो, चार माणसं वर झोपली तरी छताला काही होत नाही. खरं आहे, पण ते उभ्या गाडीचं. चालत्या गाडीच्या छताची मर्यादा त्याहून बरीच कमी असते, आणि मॅन्युअलमध्ये तीच पाहायची.

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. अख्खा संसार ट्रॉलीत. त्यांचं जाणं पोटासाठी आहे, त्याला सहलीच्या रांगेत बसवणं मला मंजूर नाही. पण ओझं भरण्याची अक्कल मी त्यांच्याकडून घेतली. धान्याची पोती तळाला, हलकं वर, आणि उतरल्या उतरल्या लागणारी चूल-भांडी सगळ्यात शेवटी, हाताशी.

बोलेरो मला यासाठी आवडते. चासीवर बांधलेली, मागे पाटे, गावोगाव दुरुस्त होणारी. मागची समोरासमोरची बाकडी उचलून ठेवली की मधे लाकडी पेटी बसते. बारा मिलिमीटरचं प्लायवूड पुरतं. लोखंडी चौकट वेल्डिंगनं जोडू नका, नटबोल्टनं मूळच्या भोकांत कसा. सोमवारी गाडी पुन्हा शेतावर न्यायची असते. पाण्याचे कॅन मागच्या दारापाशी नकोत, मधल्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगला पकड राहत नाही. पाट्यांत एक पाटा वाढवला तर गाडीची बसलेली मागची बाजू उचलली जाते, पण तेवढ्यानं ब्रेकची ताकद वाढत नाही.

दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज यांना दुसरी बॅटरी हवी. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी कागदावर बाराशे वॉट-तास देते. टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, कारण घासलेली वायर पेटते ती फ्यूजच्या अलीकडेच. एसीसाठी इंजिन चालू ठेवून तर मी कुणालाही आत झोपू देणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पुढचे लोखंडी बुलबार तर केंद्र सरकारनं 2017मध्येच बेकायदा ठरवले. पादचाऱ्याला ते जास्त इजा करतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात.

राहिले टायर. माजलगाव धरणाच्या काठाला मुक्काम करायचा, तर गाठ काळ्या मातीशी आहे. ओली झाली की ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि नवा टायरही गुळगुळीत होतो. हवा कमी करण्याची युक्ती वाळूत चालते, इथे फारसा उपयोग नाही. आकाश भरून आलं असेल तर गाडी मुरमावरच उभी करा, तंबूपर्यंत पन्नास पावलं चाला. अडकलीच तर दोर बंपरला बांधू नका, चासीच्या हुकालाच बांधा, आणि ओढताना पोरांना दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभं करा.