मागची लिफ्ट

नव्या घराच्या किल्ल्या हाती आल्या त्याच दिवशी एक पुस्तकही हाती आले. किल्ल्या दोन होत्या आणि पुस्तकाची पाने ३६. आमचे यजमान किल्ल्या घेऊन दाराकडे धावले आणि मी सवयीने पुस्तक उघडले. छापील काही दिसले की ते वाचल्याखेरीज राहवत नाही, ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड.

पुस्तक म्हणजे आमच्या नव्या गृहसंकुलाची नियमावली होती. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. नियम एकंदर ८४. चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरून आलेल्या जिवाला आणखी ८४ नियमांचे ते काय, असे म्हणून मी वाचत गेले. दाराबाहेर चपला ठेवू नयेत. गॅलरीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. गच्चीवर खाद्यपदार्थ सुकवू नयेत. बागेतली फुले तोडू नयेत. दुपारी दोन ते चार भिंतीत खिळे ठोकू नयेत. (हा शेवटचा नियम पुण्याच्या माणसाला छापून द्यावा लागावा, यातच नगर किती वाढले ते आले.) आलेल्या पाहुण्याची नोंद फाटकावर व्हावी आणि आमच्या मोबाईलवर विचारणा येऊन आम्ही होकार दिल्यावरच त्याला आत सोडावे. पहिल्याच भाऊबीजेला सासूबाईंचे धाकटे भाऊ हातात चिवड्याचा डबा घेऊन आले. पहारेकऱ्याने डबा पाहिला आणि आमच्या फोनवर अक्षरे उमटली : ‘आपल्याकडे डिलिव्हरी आली आहे.’ ‘भाऊच आलाय, पण ठीक आहे,’ म्हणून सासूबाईंनी ती स्वीकारली.

वाड्याच्या आठवणी काढून गहिवरण्याची हल्ली रीत आहे. मी त्यांतली नव्हे. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडे अकरा होती आणि संडास तीन. हे गणित ज्याने रोज सकाळी सोडवले असेल त्याने अंगणातल्या प्राजक्तावर खुशाल लिहावे. नियम तिथेही होतेच, फक्त ते छापलेले नव्हते. नळावर कोणाची घागर आधी, कोणाच्या सांडग्यांची राखण कोणी करायची, एका घरात भांडण पेटले की बाकीच्यांनी टीव्हीचा आवाज किती मोठा करायचा, हे सारे नव्या सुनेला महिनाभरात समजत असे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी दाखवल्या होत्या : एक देवघर आणि दुसरी, जिन्याच्या भिंतीवरची १९६१च्या पानशेतच्या पुराची खूण. सासूबाई स्वतः पुरानंतर सात वर्षांनी त्या घरात आल्या. पण ‘पाणी इथवर आलं होतं,’ हे त्या अशा सांगत की जणू साडीचा घोळ त्यांचाच भिजला होता.

२०२२ साली वाडा पडला. ती खूणही गेली. वाट्याला आलेल्या पैशांतून सिंहगड रस्त्याच्या बाजूला नवव्या मजल्यावर ही जागा घेतली. वाड्यातला हिस्सा सासूबाईंच्या नावे होता, म्हणून नव्या घराच्या कागदांवरही पहिले नाव त्यांचेच लागले. या गोष्टीला तेव्हा आम्ही कोणी फारसे महत्त्व दिले नव्हते.

वाड्यातून सामानाबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मावशी. आमच्याकडे त्या माझ्याआधीपासून काम करीत. पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. नवे घर लांब. एक बस आणि पुढे वीस मिनिटांची चाल. सासूबाई म्हणाल्या, ‘तुला नाही जमणार गं.’ मावशी म्हणाल्या, ‘काकू, तुम्हाला दुसरीच्या हातची भाकरी जमेल का?’ प्रश्न मिटला.

आता मुख्य हकीकत. आम्ही राहायला येऊन चार महिने झाले असतील. आमच्या संस्थेचे चिटणीस एका संध्याकाळी घरी आले. गृहस्थ मोठे कष्टाळू. संस्थेचे काम फुकट करायचे आणि वर सर्वांचे बोलणे खायचे, हे काही सोपे नाही. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही मराठी शिकवता ना? मग नियमांतले थोडे मराठीत करून द्या. सगळे नकोत. वॉचमन आणि कामाच्या बायकांना लागू होणारे तेवढे बारा.’

मी आनंदाने होकार दिला. मराठी घेऊन एम.ए. झाल्याला वीस वर्षे उलटून गेली. इतक्या काळात माझ्या विषयाची व्यवहारात कोणाला गरज पडल्याचा हा पहिलाच प्रसंग. रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. ‘लिफ्ट’पाशी पहिली अडचण. सरकारी मराठीत तिला ‘उद्वाहन’ म्हणतात. पण संस्कृतात ‘उद्वाह’ म्हणजे लग्न. नवव्या मजल्यावर भांडी घासायला निघालेल्या बाईला उगाच बोहल्यावर कशाला चढवा, म्हणून ‘लिफ्ट’च राहू दिली. आणि अशी मजेत लिहिता लिहिता नियम क्रमांक ४१ पाशी आले.

घरकामगार, पाळीव प्राणी, अवजड सामान आणि माल पोहोचवणारे यांनी केवळ मागील लिफ्टचा वापर करावा.

इंग्रजीत हे वाक्य मी पूर्वी दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा ते डोळ्यांखालून अलगद निघून गेले होते. मराठीत लिहिताना ‘घरकामगार’ लिहिले, स्वल्पविराम दिला, ‘पाळीव प्राणी’ लिहिले आणि पेन थांबले. स्वल्पविराम हे वाटते तेवढे गरीब चिन्ह नव्हे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे एका पंक्तीचे, असे तो सांगतो. हे मी दरसाल वर्गात शिकवते.

मग मी काय केले? कागद फाडला, चिटणीसांना खडे बोल सुनावले, असे लिहायला मला आवडले असते. मी मराठीच्या प्राध्यापिकेने करावे ते केले. भाषा सुधारली. प्राण्यांना वेगळे वाक्य दिले. ‘घरकामगार’ काढून ‘घरकामात साहाय्य करणाऱ्या भगिनी’ असे केले आणि शेवटी ‘सहकार्य करावे ही नम्र विनंती’ जोडून दिले. नियम होता तोच. मी त्याला फक्त शालू नेसवला.

आठवड्याभरात पाटी लागली. त्या दिवशी मावशी कणीक भिजवताना म्हणाल्या, ‘वहिनी, खालची पाटी तुम्ही लिहिलीय ना?’

‘तुम्हाला कसे कळले?’

‘परवा टेबल पुसताना कागद बघितला होता. सातवी झालीय माझी.’ मग जरा थांबून, ‘भगिनी म्हणजे बहीणच ना?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘बरं,’ म्हणाल्या आणि पुन्हा परातीत हात घातला.

त्यानंतर महिनाअखेर आली. महिनाअखेरीला बिऱ्हाडे बदलतात आणि मागच्या लिफ्टीत कपाटे, पलंग, गाद्या यांची ये-जा दिवसभर चालू असते. त्या दिवशी मावशी दहाच्या ऐवजी पावणेअकराला आल्या, आणि आल्या त्या दारातच बसल्या. नऊ मजले चढून आल्या होत्या. वय साठीचे, गुडघे आधीच कुरकुरणारे. पुढच्या दोन्ही लिफ्टी खाली रिकाम्या उभ्या होत्या. सासूबाईंनी त्यांना पाणी दिले, गूळ दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे मात्र एकदा पाहिले. ते मला बोलण्यापेक्षा जड गेले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सकाळी दहाला खाली जाऊन बाकावर बसू लागल्या. मावशी फाटकातून आल्या की दोघी मागच्या लिफ्टने वर यायच्या. पहारेकरी बिचारा गोंधळला. ‘आजी, तुमची लिफ्ट पुढं आहे.’ सासूबाईंनी पाटी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. ‘मी या लिफ्टने जाऊ नये असं कुठं लिहिलंय?’ लिहिलेले नव्हतेच. आपल्या माणसांपैकी कोणाला त्या लिफ्टने जावेसे वाटेल, ही शक्यता ८४ नियम करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आली नव्हती.

मलाही आता गप्प बसवेना. पण माझे गप्प न बसणे म्हणजे आणखी एक पुस्तक काढून वाचणे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहसंस्थांसाठी शासनाचे आदर्श उपविधी आहेत. ते रात्री जागून वाचले. मोठा मजेचा ग्रंथ आहे. सभासदाने पन्नास रुपयांचे दहा भाग घ्यावेत. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांहून अधिक व्याज लावू नये, असे त्यात तेव्हा होते. घर विकताना संस्थेने घ्यावयाच्या अधिमूल्याला २५,००० रुपयांची मर्यादा. घर भाड्याने दिले तर ‘बिनभोगवटा शुल्क’. काय शब्द आहे! एखाद्या विरक्त साधूने भरावा असा कर वाटतो. त्यात मावशींनी कोणत्या लिफ्टने जावे हे मला कुठेही आढळले नाही. ते आमचे आम्हीच ठरवलेले.

रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. देशातल्या अशा अगदी आरंभीच्या संस्थांपैकी ती एक. भाड्याच्या खोल्यांत घुसमटणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी एकमेकांच्या आधाराने घर करावे, ही त्यामागची कल्पना. ‘सहकार’ या शब्दाचा संस्कृत काव्यातला अर्थ आंब्याचे झाड, असा. आमच्या संकुलात बांधकामाच्या आधीपासून उभे असलेले एक आंब्याचे झाड आहे. त्याची फळे तोडू नयेत, नियम क्रमांक ५३.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आली आणि पाकिटावर नाव सासूबाईंचे. पहिले नाव त्यांचे, तेव्हा सभासद त्या, मत त्यांचे. आम्ही नवराबायको घरचे असून सभेपुरते परकेच. यजमान म्हणाले, ‘आई, तू कशाला दगदग करतेस? मी तुझ्या वतीने काही तरी करतो.’ ‘तू गाडीच्या जागेबद्दल बोल हो,’ त्या म्हणाल्या, ‘माझं मला बोलता येतं.’ चिटणीसांनी मोठ्या मनाने आम्हां दोघांनाही बसू दिले.

दोनशेच्या वर घरे. सभेला वीस माणसे असली तरी चालते, आणि आली होती सतरा. सूचनेत लिहिल्याप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. सतरा जणांनी वेफर्स खाल्ले, चहा घेतला आणि त्याच सतरा जणांची सभा रीतसर पुन्हा सुरू झाली. पुढचा दीड तास मोटारींच्या जागेत गेला. त्याचे वर्णन करीत नाही; ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना ते ठाऊक आहे.

अध्यक्षांनी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणताच सासूबाई उभ्या राहिल्या.

‘मला सत्तर वर्षांवर दोन-चार उलटून गेली,’ त्या म्हणाल्या. (वय थोडे कमी सांगितले, पण सभेत चालते.) ‘आमच्याकडच्या बाईंनी मळलेली कणीक मी खाते. आजारपणात तिनं मला न्हाऊ घातलंय. तिच्याबरोबर एका पेटीत एक मिनिट उभं राहिलं तर तुमचं माझं काय बिघडतं, एवढं मला सांगा.’

एक तरुण मुलगी म्हणाली, ‘आजी, प्रश्न तो नाहीये हो. सकाळी मुलांची शाळेची बस असते, तेव्हा फार गर्दी होते.’ ती खोटे बोलत नव्हती. तिच्या कडेवर एक आणि बोटाला एक असे मी रोज पाहते.

‘मग गर्दीच्या वेळेचा नियम कर ना बाळ. माणसांचा कशाला?’

कोणी सुरक्षिततेचा मुद्दा काढला, कोणी म्हणाले सगळीकडे असेच असते. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, ‘पण मॅडम, मराठी पाटी तुम्हीच तयार केलीत. तेव्हा आपली काही हरकत दिसली नाही.’

सतरा जोड्या डोळे. भर वर्गात विद्यार्थ्याने फळ्यावरची चूक दाखवावी तसे झाले. तिथे निदान ‘बरोबर आहे, बस खाली’ म्हणून सुटता येते.

‘हरकत होती,’ मी म्हणाले, ‘लिहिताना पेन थांबले होते. पण मी बोलले नाही. मला इथे नवीन राहायचे होते.’

यानंतर काही टाळ्याबिळ्या झाल्या नाहीत. कोणी तरी खुर्ची सरकवली. मते घेतली तेव्हा बदलाच्या बाजूने नऊ, विरुद्ध सहा, दोघे तटस्थ. त्या मुलीने हात आमच्या बाजूने वर केला, तोही कडेवरचे पोर सावरून.

नवी पाटी पुन्हा माझ्याकडेच आली. तीन ओळींत संपवली : मागची लिफ्ट सामान व प्राणी यांच्यासाठी, सकाळी साडेसात ते साडेआठ पुढच्या लिफ्टीत शाळेच्या मुलांना आधी जाऊ द्यावे, बाकी सर्वांनी कोणतीही लिफ्ट वापरावी.

सासूबाई अजून पुष्कळदा मागच्याच लिफ्टने जातात. तिथे माणसे बोलतात, म्हणे.

पाटी लागली त्या दिवशी मला तास नव्हता. भाजी घेऊन येत होते, तो फाटकातून मावशीही आल्या. दोघी पुढच्या लिफ्टीत शिरलो. दार मिटता मिटता समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ आले, आत पाहिले आणि हसून म्हणाले, ‘जा तुम्ही, मी पुढच्या फेरीला येतो.’ लिफ्टीत आठ माणसांची जागा होती.

दार मिटले. मावशींनी आरशात पाहून पदर नीट केला. मग बाजूला लावलेली पाटी ओठ हलवीत वाचली, सावकाश, शेवटपर्यंत.

‘वहिनी, या वेळी नम्र विनंती नाही घातली?’

‘नाही घातली.’

त्यांनी नऊचे बटण दाबले.