दादांची सीट

सायकलच्या सीटवर काय लिहावयाचें, असें वाचकांस वाटेल. परंतु तिच्यापायीं आमच्या घरांत आठ महिने एक अबोला राहिला होता.

आमचे वडील बंधू दादा माणहून पिंपरीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षें सायकलनें जात. त्यांची सीट चामड्याची, इंग्लंडांतील ब्रूक्स कंपनीची. गुडघे थकल्यावर त्यांनीं ती सायकल आमच्या स्वाधीन केली. तेव्हां आम्ही शाळेंतून नुकतेच निवृत्त झालों होतों. दादांच्या हाडांनीं पाडलेले खळगे आम्हांस बोचूं लागले, म्हणून आम्हीं एके रात्रीं सीटवर एरंडेल ओतलें. सकाळीं चामडें झोळीसारखें लोंबत होतें. दादांनीं पाहिलें आणि कांहींच बोलले नाहींत.

मग नवी सीट आणली. गोचर्म म्हणून वहिनींनीं सायकल ओसरीच्या आंत येऊं दिली नाहीं. मृगाजिनाचा दाखला देऊन पाहिला, तो चालला नाहीं.

अशी सीट म्हणजे गादी नव्हे. जाड चामडें लोखंडी सांगाड्यावर पुढून-मागून ताणून रिव्हेटांनीं बसविलेलें असतें. बसणाऱ्याच्या हाडांखालीं तें हळूहळू दबतें. त्यास कांहीं शें किलोमीटर लागतात. मेण व चरबी यांचें मलम वरून-खालून पातळ चोळावें, रात्रभर मुरूं द्यावें व फडक्यानें पुसावें. तेलांत भिजवूं नये. चामडें सैल पडतें. मुळशीच्या पावसांत झांकण घालावें. तरी भिजलीच, तर तिच्यावर न बसतां सावलींत वाळवावी; उन्हांत किंवा चुलीपाशीं नव्हे. टोंकाखालचा बोल्ट नवेपणीं आवळूं नये. पुढें चामडें ढिलें झाल्यास थोडासाच फिरवावा.

आम्ही रोज सकाळीं मारुंजीपर्यंत जाऊं लागलों. पहिले दोन महिने उठतां-बसतां कष्ट झाले. मग एके दिवशीं हिंजवडीच्या उंच काचेच्या इमारती मागें पडल्यावर ध्यानांत आलें कीं, आज सीटची आठवणच झाली नाहीं.

आठव्या महिन्यांत दादांनीं तिच्यावरून तळवा फिरविला. "आतां ही तुझी झाली. माझी कुठें आहे?"

आम्हीं माळ्यावरून जुनी काढून दिली. ती मांडीवर घेऊन ते म्हणाले, "तेल लावलेंस त्याचें कांहीं नाहीं रे. विचारलें नाहींस."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. परंतु मन हलकें झालें. जुनी सीट आतां ओसरींत खुंटीस टांगलेली असते. नवीस मलम लावतांना आम्ही तिचीही धूळ पुसतों, आणि तेंही दादांस विचारून.